जुळलेली तेरीज आणि चुकलेला हिशेब

अकरावीच्या पुस्तपालनात चुकांच्या दुरुस्तीचे एक प्रकरण असते. नवे यंत्र बसवण्याची मजुरी यंत्र खात्याला नावे टाकायची सोडून मजुरी खात्याला टाकली, तर तेरीज बिनचूक जुळते. नफा मात्र चुकतो आणि ताळेबंदही. ही सैद्धांतिक चूक. विद्यार्थी ती व्याख्येपुरती पाठ करतात आणि पुढे जातात. कृत्रिम बुद्धिमत्ता वाणिज्य शाखेच्या वर्गात येऊ द्यावी की नाही, या वादात मला हेच दुर्लक्षित प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते. कारण ही यंत्रे चुकतात तेव्हा बहुधा अशीच चुकतात: बेरीज जुळवून, आत्मविश्वासाने.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे डेव्हिड वुड यांनी 2023 मध्ये 14 देशांतील 186 शिक्षणसंस्थांच्या मदतीने चॅटजीपीटीला लेखाशास्त्राचे पंचवीस हजारांहून अधिक प्रश्न घातले. विद्यार्थ्यांची सरासरी 76.7 टक्के आली, यंत्राची 47.4. वजाबाकीच्या जागी बेरीज, चुकीच्या उत्तराला ऐटदार स्पष्टीकरण, अस्तित्वातच नसलेले संदर्भ असे नमुने त्यात सापडले. प्राध्यापकांना हायसे वाटले असेल, पण ते टिकले नाही. लवकरच पुढची आवृत्ती आली. तिला सोडवलेली उदाहरणे आणि गणकयंत्र दिल्यावर सीपीए, सीएमए यांसारख्या व्यावसायिक परीक्षांत तिने सरासरी 85.1 टक्के मिळवले. म्हणजे ‘यंत्राला येत नाही’ हा बंदीचा आधार गेला. घरी सोडवून आणायच्या प्रकल्पांचे तर बोलायलाच नको; ते यंत्र येण्याआधीही एकमेकांचे उतरवूनच होत होते.

मग हिशेब शिकायचाच कशाला, हा आक्षेप सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. छपरावरचा खर्च दुरुस्तीचा की भांडवली, हे निव्वळ बिलावरून ठरत नाही. छपराचे नेमके काय केले ते विचारावे लागते. सत्यम कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकशिल्लकेपैकी 5,040 कोटी रुपये निव्वळ कागदावर होते. 2009 च्या जानेवारीत अध्यक्षांनीच ते अस्तित्वात नसल्याचे लिहून दिले. तोवर ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळतच होता. यंत्र हाती दिलेला कागद वाचते. कोणता कागद मागायचा राहिला आणि तो कंपनीकडून न घेता थेट बँकेकडून का मागवायचा, हे सुचायला संशयाची सवय लागते. ती सवय आजवर आर्टिकलशिपमध्ये, कंटाळवाणी व्हाउचर तपासताना लागत असे. सीएच्या 2023 च्या नव्या योजनेत ही उमेदवारी तीन वर्षांवरून दोनवर आली आणि उरलेले व्हाउचरचे काम आता यंत्रे उचलू लागली आहेत. तेव्हा ही जबाबदारी वर्गावर येते.

म्हणून किर्द-खतावणी हाताने शिकवावीच, पण रीत हाताला बसेपर्यंत. त्यापुढची तीच ती पानेच्या पाने खुशाल कमी करावीत. वाचलेल्या वेळात यंत्राने तयार केलेली अंतिम खाती विद्यार्थ्यापुढे ठेवावीत आणि विचारावे: यात काय चुकले, आणि खात्री करायला काय मागवशील? भरगच्च तुकड्या असलेल्या महाविद्यालयांत हे जमणार नाही, असे म्हणतील. तोंडी परीक्षा जमणार नाही, हे खरेच. लेखी प्रश्न मात्र जमतो. चुका पेरलेला एक ताळेबंद सगळ्या तुकडीला पुरतो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचा यात वेगळा फायदा आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच देता येते. घसारा, तरतूद, राखीव निधी हे मराठीत समजलेला मुलगा तिथे इंग्रजी शब्दांपाशी अडखळतो. रात्री अकरा वाजता तीच शंका चार वेळा मराठीत विचारली तरी न वैतागणारा शिकवणीवाला त्याला प्रथमच मिळतो आहे, आणि क्लासची फी न भरता. तो कधी कधी चुकीचेही सांगेल. त्यासाठीच चुकांच्या दुरुस्तीचे प्रकरण अकरावीत उरकून न टाकता पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत चालू ठेवावे. सुरुवात प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी करावी. त्यांनी एक प्रश्न बदलला, की शिकवण्या आपोआप बदलतात.