जोडणी आली, चूल सुटली नाही

२०१६च्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसजोडणी आणली. पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजणं रोजंदारीच्या घराला परवडत नाही. मग मावळच्या पावसाळ्यात ओली लाकडं धुमसतात आणि धूर बाईच्या छातीत जातो. वळवण-शिरवत्याच्या धरणांच्या पाण्यावरची वीज शतकभर मुंबईला पुरवणाऱ्या या मुलखाने हे का सोसावं? गावाने मिळून गोबरगॅस चालवावा, हा आमचा आग्रह. संयंत्रं बंद पडतात, हा आक्षेप खरा. पण बहुधा देखभाल कुणाच्याच अंगावर नसते म्हणून. गुरं नसली तरी अडत नाही: खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या संयंत्रासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला २००६मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, आणि लोणावळ्याच्या हॉटेलांत खरकट्याला तोटा नाही. ग्रामसभेने आधी दुरुस्तीचा निधी बाजूला काढावा, संयंत्राच्या अनुदानाचा अर्ज त्यानंतर करावा.