जपानला मिशनरी कशाला?

जपानमध्ये काम करणारा आपला एखादा तरुण धर्मगुरू तीन-चार वर्षांनी रजेवर घरी येतो, तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला : "फादर, तिकडे आजवर किती जणांना स्नानसंस्कार दिला?" तो बिचारा ओशाळून तीन किंवा चार असा काहीतरी आकडा सांगतो. लगेच दुसरा प्रश्न येतो : "मग एवढ्या श्रीमंत देशात मिशनरी हवेतच कशाला?" प्रश्न विचारणारी माणसे दुष्ट नसतात. मिशन रविवारी तीच पाकिटात पैसे घालतात, आणि त्याच्या पहिल्या मिस्सेला मांडव घालायलाही तीच पुढे होती. तरीही हे दोन्ही प्रश्न ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाहीत असे आमचे स्पष्ट मत आहे. नाताळ जवळ आला असताना ते मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम त्या तरुणाचा नाताळ कसा जातो ते पाहू. जपानमध्ये २५ डिसेंबरला सुट्टी नसते. कचेऱ्या, कारखाने, आगगाड्या नेहमीप्रमाणे चालू असतात. नाताळ नाही असे मात्र नाही. नोव्हेंबरपासून रस्तोरस्ती रोषणाई असते आणि दुकानांतून नाताळगीते वाजत असतात. २४ तारखेची संध्याकाळ ही तरुण जोडप्यांनी बाहेर जेवण्याची संध्याकाळ समजली जाते. कुटुंबवत्सल माणसे पांढऱ्या मलईचा, स्ट्रॉबेरी लावलेला केक आणि तळलेली कोंबडी घरी नेतात. ही कोंबडीची प्रथा एका अमेरिकन कंपनीने १९७४ साली देशभर केलेल्या जाहिरातीतून रुजली, आणि आता त्यासाठी आधीपासून मागणी नोंदवावी लागते. २६ तारखेला पाहावे तर तारे आणि नाताळवृक्ष नाहीसे होऊ लागलेले असतात आणि दारोदारी नववर्षासाठी पाइन व बांबूची सजावट उभी राहू लागते. ज्याचा जन्मदिवस, त्याचे नाव ह्या सगळ्या गडबडीत क्वचितच कोणी काढलेले असते.

ह्या गर्दीच्या एका कोपऱ्यात आपल्या तरुणाचे देऊळ असते. बारा कोटींच्या त्या देशात जपानी कॅथॉलिकांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, म्हणजे शंभरात अर्धाही नाही. त्याच्या धर्मग्रामात बाकांवर बसतात ते बहुतेक वृद्ध. त्यांच्या जोडीला जपानी माणसाशी लग्न करून आलेल्या फिलिपिनो माता, कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेले व्हिएतनामी तरुण, एखाददुसरे ब्राझिलियन कुटुंब. देवळाला जोडून बालवाडी असेल तर तिच्यातील बहुतेक मुले बिगरख्रिस्ती घरांतली असतात. डिसेंबरात हीच मुले ख्रिस्तजन्माचे नाटक बसवतात. बौद्ध घरातली चिमुरडी मरिया होते, आणि तिचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात कधी देवळाचा उंबरठा ओलांडलेला नसतो, ते पहिल्या रांगेत बसून नातीचे कौतुक पाहतात. गाब्रिएल दूत कोण, तो मरियेकडे कशाला आला, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते. ते सांगायला आपला तरुण तिथे असतो.

२४ तारखेच्या रात्रीचे प्रवचन तो आठवडा-दोन आठवडे आधी लिहायला घेतो आणि धर्मग्रामातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडून तपासून घेतो. मिस्सेला मागच्या बाकांवर अनोळखी चेहरे असतात. कोणी मेणबत्त्यांचा प्रकाश पाहून आत आलेले, कोणी गाणे ऐकायला, कोणी एकटेपणा सहन न होऊन. ते मिस्सेत काही बोलत नाहीत, केव्हा उभे राहायचे तेही त्यांना कळत नाही. नंतर चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे म्हणून मंडळी लवकर पांगतात. उत्तरेकडच्या धर्मग्रामात असेल तर दारासमोरचे बर्फ त्यालाच बाजूला करावे लागते. भारत जपानच्या साडेतीन तास मागे आहे. तिथे मध्यरात्र होते तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि आपण नवे कपडे इस्त्री करून मिस्सेला निघायच्या तयारीत असतो. घरी फोन केला तर त्याला आपल्या गावचा ध्वनिक्षेपक ऐकू येतो.

ह्या सगळ्याचा हिशेब स्नानसंस्कारांच्या आकड्यात कसा मांडणार?

आकडा विचारणाऱ्यांना आम्ही एक उलट प्रश्न विचारतो. आपल्या देशात ख्रिस्ती शाळा, दवाखाने आणि आश्रम यांच्यावर धर्मांतराचा आरोप होतो, तेव्हा आपण काय सांगतो? आम्ही माणसे मोजत नाही, आम्ही सेवा करतो, प्रभूची साक्ष देतो. हे आपण सभांतून सांगतो, पत्रके काढून सांगतो, आणि ते खरेही आहे. मग देवळाच्या आवारात आपल्याच मिशनऱ्याला आपण आकडा का विचारतो? आपले विरोधक ज्या वहीत आपली खतावणी ठेवतात, तीच वही आपणही घरात उघडून बसलो आहोत. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो आपल्या मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

आकड्यांचाच आग्रह असेल तर जपानचा इतिहास वाचावा. १७०८ साली जोव्हान्नी बात्तिस्ता सिदोत्ती नावाचा चाळिशीतला इटालियन धर्मगुरू एकटाच जपानच्या दक्षिणेकडील याकुशिमा बेटावर उतरला. ख्रिस्ती धर्मावर १६१४ पासून कडक बंदी होती. तो लगेच पकडला गेला आणि त्याला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, बंदिवासात ठेवण्यात आले. तिथे त्याची देखभाल करणारे चोसुके आणि हारू हे दाम्पत्य ख्रिस्ती झाले, म्हणून त्याला तळघरात टाकले आणि १७१४ साली तो तिथेच मरण पावला. एकूण स्नानसंस्कार दोन. आपल्या आवारातल्या मंडळींनी त्याला नापास केले असते. त्याच्या अस्थी २०१४ साली टोकियोतील उत्खननात सापडल्या.

आणि ज्या काळात तो गेला, त्या काळात एखाद्याने जपानमधील मिशनचा जमाखर्च लिहिला असता तर पान कोरेच राहिले असते. पण १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही शेतकरी आले आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांना हळूच विचारले की, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? बंदीच्या अडीचशे वर्षांत, बहुतेक काळ एकही धर्मगुरू नसताना, ह्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना जपल्या होत्या, पाण्याने मुलांचे स्नानसंस्कार केले होते आणि स्वतःच्या पंचांगावरून सणांचे दिवस पाळले होते. त्यांच्या पूर्वजांना शिकवणाऱ्या मिशनऱ्यांपैकी एकालाही हे फळ पाहायला मिळाले नाही. प्रकट झाल्यावरही त्यांची सुटका नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि शेकडो परत आले नाहीत. बंदी उठली ती १८७३ साली.

आपल्यापैकी वसईकरांना तर हे सारे पाठ असायला हवे. संत गोन्सालो गार्सिया वसईचा. त्याचे नाव आपण संस्थांना दिले, त्याचे पुतळे उभारले. पण जपानला वसईने त्याच्या रूपाने नेमके काय दिले? तो धर्मगुरू नव्हता, फ्रान्सिस्कन ब्रदर होता. तरुणपणीच तो जपानी भाषा शिकला होता, म्हणूनच १५९३ साली मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता वकील म्हणून हिदेयोशीच्या दरबारात आले तेव्हा दुभाषी झाला तो हाच. १५९६ च्या डिसेंबरात क्योटोतील त्यांच्या मठावर पहारा बसला. गोन्सालोचा शेवटचा नाताळ असा पहाऱ्यात गेला. जानेवारीत कान कापून त्यांची धिंड काढली, मग ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसांवर चढवले. गोन्सालोने किती माणसे ख्रिस्ती केली, हे आजवर कोणी विचारल्याचे आम्हांला ठाऊक नाही.

भाषेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. "दोन वर्षे नुसती भाषा शिकण्यात गेली," अशी चुकचुक आपण ऐकतो. नित्य व्यवहाराची म्हणून शासनाने ठरवलेली २,१३६ चिन्हे, शिवाय दोन वर्णमाला, आणि वडीलधाऱ्यांशी, परक्याशी, मुलांशी बोलण्याच्या वेगवेगळ्या रीती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला तरुण तिथे बालवाडीतल्या पोरासारखा अक्षरे गिरवतो. पण ह्याला वाया गेलेली वर्षे म्हणणाऱ्यांनी संत फ्रान्सिस झेवियरचा अनुभव ध्यानात घ्यावा. गोव्यात १५४८ साली स्नानसंस्कार घेतलेल्या आन्जिरोला घेऊन तो १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. देवाला जपानी शब्द कोणता, असे विचारता आन्जिरोने 'दाइनिची' सांगितले. झेवियर तेच नाव घेऊन उपदेश करू लागला. दाइनिची हे बौद्धांच्या शिंगोन पंथातील महाबुद्धाचे नाव आहे हे पुढे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने तो शब्द टाकून लॅटिन 'देउस' स्वीकारला. संताची ही गत, तर आपल्या पोराला दोन वर्षे पुरतील तरी का?

राहिला श्रीमंतीचा मुद्दा. येशूने फक्त दरिद्री देशांत जा असे सांगितल्याचे शुभवर्तमानात आम्हांला आढळले नाही. ज्या देशात २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमावा लागला, जिथे २०२४ ह्या एका वर्षात वीस हजारांहून अधिक माणसांनी आपला जीव घेतला, तिथे नाताळच्या रात्री दार उघडे ठेवून बसलेला एक माणूस अनावश्यक आहे, असे म्हणायला धाडस लागते. शिवाय आपण तिथे केवळ द्यायला जातो हा समज अहंकाराचा आहे. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथॉलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मारली, कथीड्रल भुईसपाट झाले. उरलेल्यांनी ढिगाऱ्यातून एक घंटा उकरून काढली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला ती वाजवली. डॉ. ताकाशी नागाई त्यांच्यात होते. ज्यांच्या घरी त्या नाताळला छप्परही नव्हते, त्यांच्याकडून शिकायला आपला एखादा मुलगा पाठवणे हा तोटा कसा?

काहीजण म्हणतात, तिकडचा नाताळ खोटा, नुसता बाजार. म्हणणाऱ्यांनी आपापल्या गावातून एक फेरी मारावी. ताऱ्यांच्या आणि गोठ्यांच्या स्पर्धा, त्यांच्या बक्षिसांवरून होणारी भांडणे, मध्यरात्रीच्या मिस्सेतून कम्युनियन होताच सटकणारी पोरे, आणि २५ तारखेला दुपारी घराघरांतून रिकाम्या होणाऱ्या बाटल्या. जपानी माणसाला कोणी सांगितले नाही म्हणून तो नाताळ विकत घेतो. आपल्याला तर लहानपणापासून सांगितलेले आहे.

नाताळ जपानी होऊ शकत नाही हेही खरे नाही. यामागुची गावी १५५२ सालीच नाताळची मिस्सा झाली होती. त्याच यामागुचीत डिसेंबर १९४१ मध्ये चौतीस वर्षांचा येशूसंघीय मिशनरी पेद्रो आरुपे हेर असल्याच्या संशयावरून तुरुंगात होता. नाताळच्या रात्री कोठडीबाहेर त्याला कुजबुज ऐकू आली आणि पाठोपाठ नाताळगीत. त्याचेच मूठभर धर्मग्रामस्थ ऐन युद्धात भिंतीबाहेर उभे राहून गात होते. पुढे तो साऱ्या येशूसंघाचा प्रमुख झाला, पण ती मूठभर माणसे किती होती हे त्याने कधी कमी लेखले नाही.

एक हरकत मात्र आम्ही गंभीरपणे घेतो : इथेच धर्मगुरू कमी पडू लागले आहेत, पाचारणे घटली आहेत. घटली आहेत खरीच. परंतु जपानमध्ये ती कधी विपुल होती? तरीही टोकियोचे आर्चबिशप किकुची, जे २०२४ साली कार्डिनल झाले, ते तरुण धर्मगुरू असताना मिशनरी म्हणून आफ्रिकेतील घानात राहिले. इतक्या लहान ख्रिस्तसभेने आपला एक मुलगा दूर पाठवला. आपण तर तिच्या मानाने संपन्न आहोत.

म्हणून आमचे मागणे एवढेच की रजेवर आलेल्या तरुणाला आकडा विचारू नये. त्याच्या मागच्या बाकावर कोण येऊन बसले होते, बालवाडीतल्या त्या आजोबांनी नाटकानंतर काय विचारले, तो आजारी पडला तेव्हा पेज कोणी करून दिली, हे विचारावे. त्याच्या आईला "कधी परत येणार?" म्हणून दर रविवारी हळवे करू नये. आणि आपला स्वतःचा मुलगा जपानला जायचे म्हणाला, तर त्याच्या वरिष्ठांकडे रदबदली करायला जाऊ नये. तरुण बेर्गोलिओने जपानला जाण्याची परवानगी मागितली होती आणि फुप्फुसाच्या दुखण्यामुळे ती नाकारली गेली. पुढे २०१९ साली तो तिथे गेला, पण पोप फ्रान्सिस म्हणून. आपल्या मुलांची फुप्फुसे शाबूत आहेत.