‘गमिंग’चे कापलेले गुण

व्यावहारिक मराठीच्या अंतर्गत चाचणीत आम्ही एकदा चिकट लेबलांच्या छपाईवरचा इंग्रजी उतारा भाषांतरासाठी दिला होता. एका विद्यार्थ्याने ‘गमिंगचा कागद’, ‘हाफ कट’, ‘जाळी ओढणे’ असे शब्द लिहिले. ‘आसंजक’, ‘अर्धच्छेदन’ यांसारखे शब्द त्याला योजता आले नाहीत, म्हणून आम्ही त्याचे गुण कापले. तो संध्याकाळी लेबलांच्या छापखान्यात काम करतो, हे आम्हांला नंतर कळले. चूक आमची होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु ती एका उत्तरपत्रिकेपुरती नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

परिभाषेविषयी बोलण्याआधी वस्तू पाहावी. औषधाच्या बाटलीवरचे चिकट लेबल दिसायला एक; बाटलीवर जाण्यापूर्वी मात्र त्याचे थर चार असतात. वर छपाईचा कागद किंवा फिल्म. त्याखाली चिकट थर. त्याखाली सिलिकॉनचा अतिपातळ लेप. आणि तळाशी तो लेप अंगावर घेतलेला रिलीज पेपर. सिलिकॉन आहे म्हणूनच लेबल त्या कागदावरून अलगद सुटते. डाय वरचा कागद आणि चिकट थर कापते, तळाच्या कागदाला मात्र धक्का लावत नाही. हाच हाफ कट. त्यानंतर लेबलांभोवती उरलेली जाळी ओढून काढतात. डाय जरा खोल गेली, तर लेबले लावण्याच्या यंत्रावर ताण पडताच तळाचा कागद तुटतो आणि काम थांबते.

म्हणजे ‘हाफ कट’ हे कारागिराच्या हाताला दिलेले बजावणे आहे: इथवरच, पुढे नको. ‘अर्धच्छेदन’ व्याकरणाने निर्दोष असेल. पण यंत्रापाशी उभे राहून ते कोणी कोणाला सांगितलेले नाही. आमच्या विद्यार्थ्याला वस्तू ठाऊक होती, आम्हांला फक्त शब्द ठाऊक होता. आणि गुण देण्याचा अधिकार आमच्याकडे होता!

मग बाजारात जे चालते तेच प्रमाण मानायचे काय? मुळीच नाही. ‘गमिंग’ हा शब्दही सदोष आहे. पाकिटाच्या झाकणावरचा डिंक ओला केल्याशिवाय चिकटत नाही; स्टिकरमागचा ॲक्रिलिकचा किंवा रबराचा थर नुसत्या दाबाने चिकटतो. १९३५ साली अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी सुट्या कापलेल्या स्वयंचिकट लेबलांचा धंदा उभारला, त्याचे मर्म या भेदातच होते. तो भेद ‘गमिंग’ पुसून टाकतो. तसेच, स्पर्श होताच पकड घेणे, सोलताना विरोध करणे आणि भाराखाली न घसरणे हे चिकट थराचे तीन वेगळे गुण आहेत. आपण तिन्हींना ‘चिकटपणा’ म्हणून मोकळे होतो. येथे नवे शब्द हवेतच. ‘पकड’, ‘सोल’ आणि ‘धर’ का चालू नयेत? ते कोणाला ग्राम्य वाटतील, पण तिघांतला भेद स्पष्ट करतील.

मराठीला हे जमत नाही, हे म्हणणे आम्हांला मान्य नाही. धातूच्या टाइपांना आपण ‘खिळे’ म्हटले, ते जुळवणाऱ्याला ‘जुळारी’, दगडावरच्या छपाईला ‘शिळाछाप’. हे शब्द वस्तूकडे पाहून झालेले आहेत. योजून घडवलेले शब्दही रुळतात. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ ही सावरकरांच्या भाषाशुद्धीची उदाहरणे सर्वांसमोर आहेत. उलट, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राजव्यवहारकोश’ शिवकाळात सिद्ध झाला, तरी ‘कागद’ आणि ‘शाई’ आपल्या जागी राहिलेच. त्यांच्यावाचून आज आपल्याला मराठी लिहिणेही अवघड जाईल. तेव्हा शब्द कोणत्या कुळातला, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणता भेद दाखवतो आणि कोणाच्या तोंडी बसतो, हे आधी विचारावे.

आपले अभ्यासक्रम मात्र कुळच विचारतात. त्यामुळे विद्यार्थी दोन मराठी शिकतो: गुण मिळवण्याची एक आणि काम करण्याची दुसरी. घरातली, कारखान्यातली भाषा ही मराठीच नव्हे, असा धडा त्याला आपण नकळत देतो आणि पुढे तोच इंग्रजीकडे वळला, की मराठीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवतो.

आमचे म्हणणे साधे आहे. परिभाषेचा तास वर्षातून दोनदा तरी छापखान्यात, सुतारशाळेत, गॅरेजमध्ये भरवावा. आधी तिथले शब्द अर्थासह टिपावेत. अपुरे असतील तिथेच नवे घडवावेत आणि तेही त्या कारागिरांना विचारून. कोश त्यानंतर उघडावा.

त्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही वाढवून दिले. उत्तरपत्रिका परत देताना ‘सोल’ आणि ‘धर’ हे शब्द त्याला ऐकवले. ‘धर’ चालेल, म्हणाला. ‘सोल’ म्हटले तर मुले चपलेचा तळ समजतील. त्याची ही हरकत कोणत्याही समितीच्या शिफारशीपेक्षा आम्हांला अधिक मोलाची वाटते.