साथीचा जमाखर्च

“मागल्या साली फ्ल्यू येऊन गेला, आता कसली भीती?” असे उद्गार पावसाळा लागला की घरोघर ऐकू येतात. हा भरवसा कितपत खरा, याचा हिशेब आम्ही आज मांडणार आहोत. वाचकांनी दचकू नये. गुणाकार येत असला म्हणजे पुरे.

मानमोडीने मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी ७६८ मृत्यू नोंदविले गेले. साथीच्या गणिताचाही मुंबईशी जुना संबंध आहे. केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात समीकरणे पडताळण्यासाठी १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगचेच आकडे घेतले होते. सर्व माणसे आजारी पडली म्हणून साथ थांबते असे नव्हे. रोग जडण्याजोग्यांची संख्या एका मर्यादेखाली उतरली की ती ओसरते, हा त्यांचा सिद्धांत.

आता वसईजवळचे गोखिवरे घ्या. तेथून पुष्कळ माणसे रोज आगगाडीने मुंबईस जातात. तेव्हा नवा फ्ल्यू तेथे पोहोचण्यास उशीर लागावयाचा नाही. समजा, तेथील एका वस्तीत १००० माणसे आहेत, आणि कोणासही प्रतिकारशक्ती नसता एक रोगी दोघांस रोग देतो. गतवर्षी ६०० जणांस फ्ल्यू झाला होता. ती शक्ती पुरती टिकली, तर रोग जडण्याजोगे ४०० उरले. एक रोगी सरासरीने ०.८ माणसांसच रोग देईल, व साथ विझेल. परंतु विषाणूने रूप पालटले व जुनी शक्ती निम्मीच उपयोगी पडली, तर ते ६०० हिशेबात ३०० धरावे लागतात. एकूण ७००, गुणाकार १.४. साथ पसरणारच, मात्र मंद गतीने.

जुनी ओळख अगदीच वाया जात नाही, हे २००९ साली दिसून आले. त्या वर्षीच्या एच१एन१ विषाणूने तरुणांस अधिक गाठले. १९५७ पूर्वी जन्मलेल्या पुष्कळांस लहानपणी त्याच्या जवळच्या विषाणूंशी गाठ पडलेली असल्याने काहीसे संरक्षण लाभले.

तात्पर्य, निम्मे कवच निम्मेच समजावे. फ्ल्यूची लस वेळोवेळी बदलावी लागते ती याचसाठी. घरातील वृद्धांनी व गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती अवश्य घ्यावी. आणि ज्यास ताप आहे त्याने गाडी न धरता घरी राहावे. त्यायोगे दोघांऐवजी सरासरी सव्वा माणसासच रोग पोहोचला, तर त्याच ७०० च्या हिशेबात गुणाकार ०.८७५ येतो, आणि साथ विझते. दोन दिवसांची रजा याहून चांगल्या कामी क्वचितच लागत असेल!