पायलीचं गणित

गेल्या शनिवारी औरंगपुऱ्यातल्या एका नेटवर्किंग क्लासमध्ये दुपारभर बसलो होतो. वैजापूरकडचा एक मुलगा सीसीएनएची तयारी करत होता. पॅकेट ट्रेसरवर त्याने दोन राउटर इथरनेटने जोडले होते. एकाला पत्ता दिला १९२.१६८.१०.६२, दुसऱ्याला १९२.१६८.१०.६५, मास्क दोन्हीकडे स्लॅश २६. दोन्हीवर ओएसपीएफ चालू केलं, आणि 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' टाकलं की खाली काहीच उमटेना. अर्धा तास तो प्रोसेस आयडी बघत होता, एरिया नंबर बघत होता, हॅलोचे १० सेकंद आणि डेडचे ४० सेकंद पडताळत होता. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी त्याने मोबाइल काढला आणि कुणीतरी पाठवलेल्या प्रश्नोत्तरांच्या फायलीत, ज्याला मुलं 'डंप' म्हणतात, हा प्रश्न शोधायला लागला.

मी विचारलं, "६२ आणि ६५ एकाच घरातले आहेत का रे?"

"हो सर, तीनाचाच तर फरक आहे."

सगळी परीक्षा या उत्तरात अडकली आहे. मुलगा हुशार आहे, आज्ञा त्याला तोंडपाठ आहेत, टायपिंगचा वेगही चांगला आहे. पण पत्ता हा त्याच्यासाठी चार आकड्यांचा एक तुकडा आहे. तो कुठल्या मापात मोजायचा, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

मी त्याला विचारलं, घरी धान्य कशाने मोजतात? म्हणाला, आजी अजून मापट्याने मोजते. मग काम सोपं झालं. आपलं जुनं कोष्टक आठवा. २ निळव्यांचं १ कोळवं, २ कोळव्यांचं चिपटं, २ चिपट्यांचं मापटं, २ मापट्यांचा शेर, २ शेरांची अधोली आणि २ अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला निम्मं. म्हणजे एका पायलीत २ अधोल्या, ४ शेर, ८ मापटी, १६ चिपटी, ३२ कोळवी आणि ६४ निळवी. आता स्लॅश २४ च्या जाळ्यात २५६ पत्ते असतात, त्याला पायली म्हणा. स्लॅश २५ ची अधोली १२८ ची, स्लॅश २६ चा शेर ६४ चा, स्लॅश २७ चं मापटं ३२ चं, स्लॅश २८ चं चिपटं १६ चं, स्लॅश २९ चं कोळवं ८ चं आणि स्लॅश ३० चं निळवं ४ पत्त्यांचं. मधे एकही पायरी गळत नाही, एकही जास्तीची लागत नाही. दोन राउटरमधल्या जोडणीला स्लॅश ३० द्यायचा नेटवर्कवाल्यांचा जुना रिवाज आहे, आणि आपलं कोष्टकही नेमकं तिथेच, निळव्यापाशी थांबतं. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो आनंद या मुलाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पुन्हा पाहिला.

कारण आता त्याची चूक त्यालाच दिसली. शेर ६४ चा. पहिला शेर ० ते ६३, दुसरा ६४ ते १२७. ६२ हा पहिल्या शेरातला शेवटचा वापरता येणारा पत्ता आणि ६५ हा दुसऱ्या शेरातला पहिला. आकडे शेजारचे, मापं वेगळी. राउटरला हॅलो येतो, पण पाठवणारा आपल्या जाळ्यातला नाही म्हणून तो टाकून देतो. ६५ चा ६१ केला आणि काही सेकंदांत शेजारी दिसू लागला.

आपल्या शहरात हे शिकवणारे बरेच क्लास आहेत आणि तिथे येणारी पोरं जालना, बीड, परभणीहून येतात, खोली करून राहतात. सीसीएनएची फी ३०० डॉलर आणि वर कर. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम सहज निघत नाही. त्या पैशांच्या बदल्यात पोराच्या हातात पाठ करायची प्रश्नपत्रिका देणं मला फसवणूक वाटते, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे. परीक्षा १२० मिनिटांची, कॅल्क्युलेटर नाही, एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. प्रश्नातला एक आकडा बदलला की पाठ केलेलं उत्तर चुकतं. प्रात्यक्षिकाच्या प्रश्नांत तर पर्यायही नसतात, समोर मोकळा राउटर असतो. आणि पुढे ज्याला सीसीआयईची प्रयोगशाळा गाठायची आहे, त्याच्यासमोर ८ तासांची बैठक असते. तिथे सकाळी पत्त्यात केलेली चूक दुपारपर्यंत प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये डोकं वर काढते.

मापाचा आणखी एक नियम मुलं विसरतात. माप कुठूनही सुरू होत नाही. शेर ०, ६४, १२८, १९२ इथूनच सुरू होतो, चिपटं १६ च्या पाढ्यावरच बसतं. हीच गोष्ट वरच्या दिशेला, मार्गांचा सारांश करताना लागते. १०.२०.१२.० पासून १०.२०.१५.० पर्यंतच्या चार पायल्या एका स्लॅश २२ मध्ये बांधता येतात, कारण १२ ला ४ ने भाग जातो. १३ ते १६ या चार पायल्या मात्र एका गोणीत बसत नाहीत. परीक्षक नेमका हाच खड्डा खणून ठेवतो.

सारांश म्हणजे काय, हे ज्याला उमजत नाही त्याने आपला पिनकोड बघावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नावाजलेले कवी होते. आपल्या शहराचा पिन ४३१००१, जालन्याचा ४३१२०३, बीडचा ४३११२२, नांदेडचा ४३१६०१. दूरच्या टपाल केंद्राला गल्ली ठाऊक असण्याची गरज नाही. ४३१ दिसलं की थैली इकडे. पुढचे तीन आकडे इथे आल्यावर बघायचे. राउटरही असंच वागतो, लांबून थोडे आकडे, जवळ येताना जास्त. लातूर मराठवाड्यातलं, पण त्याचा पिन ४१३ ने सुरू होतो, सोलापूरच्या गटात. नकाशावरचा विभाग आणि पत्त्याचा गट एकच असेल असं धरून चालणाऱ्याची थैली भलतीकडे जाते. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, ४३१००१ तेच राहिलं.

थोडं पाठांतर मात्र करावंच लागतं. ओएसपीएफचे सगळे राउटर २२४.०.०.५ वर ऐकतात, डीआर आणि बीडीआर २२४.०.०.६ वर. रिप दोन २२४.०.०.९ वर, ईआयजीआरपी २२४.०.०.१० वर. आयपीव्ही६ मध्ये एफएफ०२ च्या पुढे तेच ५, ६, ९ येतात आणि १० च्या जागी ए येतो, कारण सोळाच्या पद्धतीत १० म्हणजे ए. वाइल्डकार्डला तर पाठांतरही नको, मास्कचा प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करा. शेराचा मास्क १९२ वर संपतो, त्याचं वाइल्डकार्ड ६३ वर.

क्लास चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिले आठ दिवस राउटरला हात लावू देऊ नका. कागद द्या, आणि १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही ओळ रोज लिहून घ्या. ओएसपीएफ त्यानंतर दोन दिवसांत कळतं.

आणि जी मुलं फी भरायच्या बेतात आहेत, त्यांनी आधी एक गणित सोडवावं. १७२.१६.४०.० ही एक पायली आहे. एका विभागात ५० यंत्रं, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १०, आणि दोन राउटरमधली एक जोडणी. प्रत्येक मापातला पहिला आणि शेवटचा पत्ता यंत्राला देता येत नाही, हे ध्यानात ठेवा. पायलीच्या सुरुवातीपासून, आधी मोठं माप, मग लहान, अशा क्रमाने मधे जागा न सोडता वाटा. राउटरच्या जोडणीला ११३ आणि ११४ आले, तर फी भरा.