फुलासारखा हीटसिंक आणि वाशीची हवा

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. निमित्त हीटसिंकचं. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तो धातूचा ठोकळा आणि त्याचा पंखा.

नवीन पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक कूलरच्या आकारावर फिदा होतात. कुणाला फुलासारखा हवा, कुणाला मनोऱ्यासारखा, कुणाला आख्खा फिरणारा. परदेशातल्या रिव्ह्यूत ‘चार अंश कमी’ असं वाचलं की लगेच लॅमिंग्टन रोडला फोन! माझं म्हणणं सरळ आहे: नवी मुंबईत राहून हीटसिंकच्या आकारावर पैसे उधळणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

का? हीटसिंक उष्णता संपवत नाही, प्रोसेसरमधून काढून हवेत सोडतो. त्यामुळे त्याची सगळी करामत हवेच्या तापमानाच्या वर मोजायची असते. समजा एखादा कूलर प्रोसेसरला हवेपेक्षा ४५ अंश वर रोखून धरतो. एसी लावलेल्या लॅबमध्ये २२ अंश असतील तर प्रोसेसर ६७ वर. मे महिन्यात कोपरखैरण्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३४ असतील तर तोच प्रोसेसर ७९ वर. बारा अंश हवेनेच खाल्ले, आणि तुम्ही दुप्पट पैसे मोजून त्यातले चार परत मिळवले. वा!

आता एकेक नमुना घेऊ.

झालमन या कोरियन कंपनीचा सीएनपीएस ७००० हा कूलर २००३ च्या आसपास आला. तांब्याच्या पातळ फिन्स फुलासारख्या पसरलेल्या, मधोमध पंखा. दिसायला देखणा, आवाजही कमी. पण पूर्ण तांब्याच्या मॉडेलचं वजन ७७३ ग्रॅम, आणि पेंटियम ४ च्या सॉकेटसाठी इंटेलने घातलेली मर्यादा होती ४५० ग्रॅम! शिवाय त्या दाट फिन्सच्या बेचक्यात ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि पावसाळी दमट हवा एकत्र आली की जो चिकट थर बसतो, तो ब्लोअरने निघत नाही. बसा मग ब्रश घेऊन.

दुसरा नमुना पेल्टियरचा. इंटेलने २०२० मध्ये ‘क्रायो’ नावाने हे तंत्र आणलं होतं, पुढे बंदही केलं. विजेवर चालणारी एक चकती प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षाही थंड करते. ऐकायला झकास. पण जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याखाली गेलेल्या कुठल्याही वस्तूला घाम फुटणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. तो घाम मदरबोर्डवर! म्हणून ‘क्रायो’मध्ये आर्द्रता मोजून दवबिंदूच्या वरच थांबायची सोय ठेवली होती. थोडक्यात, वाशीत पावसाळ्यात तुम्ही जादा वीज जाळणार आणि तो २५ च्या वरच थांबणार.

तिसरा नमुना मात्र मला मनापासून आवडतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जेफ कॉप्लो यांनी २०१० च्या सुमारास एक कूलर मांडला. त्यात पंखा वेगळा नाहीच, हीटसिंकच फिरतो. खालच्या स्थिर तळात आणि त्याच्यात हवेची फट, साधारण ०.०३ मिलिमीटरची. फिनला चिकटून बसणारा हवेचा थर हा उष्णतेचा खरा अडसर. फिरण्यामुळे तो पातळ होतो आणि धूळही टिकत नाही. बघा, इथे प्रश्न बरोबर पकडला होता! त्याच कल्पनेवरचा थर्मलटेकचा ‘इंजिन २७’ २०१७ मध्ये आला, तो ७० वॅटपर्यंतच्या प्रोसेसरांसाठी. अरेरे.

आणि सगळ्यांत उपयोगी ‘हटके’ डिझाइन कुठलं, सांगू? पेंटियम ४ च्या काळात कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला असायचं ते प्लास्टिकचं नरसाळं! इंटेलच्या मार्गदर्शक सूचनांत ते होतं. बाहेर ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ च्या आत राहावी, हा त्यामागचा हिशेब. ३५ अंश! म्हणजे आपली खोली. काही रुपयांचं प्लास्टिक, बाहेरची ताजी हवा थेट पंख्यावर. दिसायला भिकार, म्हणून कुणी त्याचे फोटो काढले नाहीत. आता त्या जागी काच आली आहे, आत सात रंगांचे दिवे, आणि काही कॅबिनेटांना समोरूनही काच. हवा कुठून जाणार, चावीच्या भोकातून? :-)

ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर्स बघा. तिथला माणूस आधी विचारतो, सर्व्हरच्या तोंडाशी हवा किती अंशांची येते? १८ ते २७ ही शिफारस केलेली मर्यादा. गरम आणि थंड हवा एकमेकींत मिसळू नये म्हणून रॅकच्या ओळी वेगळ्या लावतात. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ला तर द्रवाने थंड करतात, म्हणजे उष्णता हवेच्या भरवशावर सोडलीच नाही. आकाराचं कौतुक कुणालाच नाही.

‘अरे, पण हौस म्हणून घेतला तर?’ जरूर घ्या. हौसेला मोल नसतं. फक्त त्याला इंजिनियरिंग म्हणू नका, आणि पहिल्या नोकरीच्या पगारातून पीसी जमवणाऱ्या पोराच्या गळ्यात तो मारू नका. त्याला सांगा: जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट, एक पंखा आत ओढणारा, एक बाहेर फेकणारा, काढून धुता येईल अशी धूळजाळी, आणि विरळ फिन्सचा साधा टॉवर कूलर. दर दोन महिन्यांनी सफाई.

आणि रिव्ह्यू करणाऱ्या आपल्या मराठी-हिंदी मंडळींना एक विनंती. परदेशातले आकडे वाचून दाखवायचे असतील तर आम्हालाही इंग्रजी येतं. एसी बंद करा, खोली ३५ वर जाऊ द्या, कूलर सहा महिने साफ न करता चालवा, मग आकडे सांगा. त्या यादीत जो पहिला येईल, तो कितीही कुरूप असला तरी मी विकत घेईन.