मैदान दत्तक द्यायचं, पण फाटकाची चावी कोणाकडे?

मुंबईत माणशी मोकळी जागा किती? नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे साधारण सव्वा चौरस मीटर. घरातली सहा बाय तीन फुटांची चटई याहून मोठी असते. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही जागा माणशी 10 ते 12 चौरस मीटर हवी. त्यामुळे उरलेली मैदानं कोणी सांभाळायची, यावर मुंबईत सारखे वाद होतात.

दत्तक म्हणजे नेमकं काय?

जागा पालिकेची, देखभाल संस्थेची, कंपनीची किंवा रहिवाशांची. पालिकेचा माळी, पाणी, सुरक्षारक्षकाचा खर्च वाचतो. जुन्या 'काळजीवाहू' पद्धतीत संस्थांना काही भागावर बांधकामही करता यायचं. त्यातून काही ठिकाणी क्लब झाले, सभासदत्व आलं आणि गल्लीतली पोरं फाटकाबाहेर राहिली. जानेवारी 2016 मध्ये पालिका सभागृहाने असंच धोरण मंजूर केलं. विरोध वाढल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. सप्टेंबर 2023 मध्ये दत्तक धोरणाचा नवा मसुदा आला, पुन्हा हरकती आल्या.

दत्तक वाईटच असतं असं नाही. चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाची अवकळा रहिवाशांच्या संघटनेने कोर्टात जाऊन, देखभाल हाती घेऊन दूर केली. तिथे आजही क्रिकेट रंगतं.

पैसे खरंच नाहीत का?

मुंबईपुरतं हे कारण पटत नाही. पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. खरं दुखणं आहे छोट्या नगरपरिषदांचं. जकात गेली, घरपट्टी पूर्ण वसूल होत नाही, भिस्त राज्याच्या अनुदानावर. 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृतसारख्या योजनेतून उद्यान बांधायला निधी मिळतो, पण फीत कापल्यानंतर माळ्याचा पगार आणि पाण्याचं बिल दरवर्षी नगरपरिषदेलाच भरायचं असतं. मग कारंजं कोरडं पडतं, झोपाळ्याची साखळी तुटते ती तुटलेलीच राहते. आराखडा करतानाच 'पाणी कोण घालणार?' असं विचारलं असतं, तर कारंज्याच्या जागी चार कडुनिंब लागले असते. तेही चाललं असतं.

करारात काय बघायचं?

तुमच्या वॉर्डातलं मैदान दत्तक जात असेल, तर खर्च किती वाचतोय हे नंतर बघा. आधी बघा प्रवेशाच्या वेळा, शुल्क, बांधकामाची परवानगी आणि मुदत. मुदत संपल्यावर जागा परत कशी घेणार, हे कलम तर नक्की वाचा. 2016 नंतर काही भूखंड परत मिळवताना मुंबई पालिकेची चांगलीच दमछाक झाली होती.